रविवार कोणाचा?

रविवार म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? उशिराची न्याहारी, आठवडाभर साठलेले कपडे, बाजाराची पिशवी आणि दुपारची झोप, असेच काहीसे येत असेल. माझ्यासारख्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला मात्र या शब्दाबरोबर आधी घंटा ऐकू येते. आमचे गाव अहमदनगर जिल्ह्यातले. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणत. पहिली घंटा झाली की आई न्हाणीघरातून आम्हा भावंडांना एकेक करून बाहेर काढी आणि दुसऱ्या घंटेपर्यंत आम्ही तेल लावलेल्या केसांनी, धुवट कपड्यांत देवळाच्या पायरीशी हजर असू. त्या दिवशी शेतावर जायचे नाही, अभ्याससुद्धा करायचा नाही. रविवार हा देवाचा दिवस, असे आम्हाला सांगितलेले होते.

पुढे मी इतिहासाचा अध्यापक झालो आणि या रविवारकडे जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. वर्गात मी मुलांना नेहमी विचारतो, की बाबांनो, आपल्याला रविवारची सुट्टी कोणी दिली? उत्तर ठरलेले असते. इंग्रजांनी दिली! त्यांचा धर्म ख्रिस्ती, रविवार त्यांचा प्रार्थनेचा वार, म्हणून कचेऱ्या बंद आणि म्हणून शाळाही बंद. हे उत्तर चूक नाही, पण अर्धेच आहे. कचेरीतल्या साहेबाला आणि त्याच्या कारकुनाला रविवार मिळाला, हे खरे. परंतु त्याच इंग्रजी राज्यात मुंबईच्या कापडगिरण्यांतले मजूर आठवड्याचे सातही दिवस राबत होते. राज्यकर्त्यांच्या धर्मात विसाव्याची आज्ञा होती, म्हणून ती आपोआप गिरणीच्या दारातून आत गेली असे झाले नाही. ती आत नेण्यासाठी एका मराठी माणसाला वर्षानुवर्षे झगडावे लागले.

त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे हे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या काय होत्या पाहा. रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, पगार वेळेवर व्हावा, यंत्रात सापडून जखमी झालेल्याची काही सोय व्हावी. मालकांनी लगेच काही मानले नाही. अखेर १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९१ साली, कारखान्यांच्या कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आली.

आता यातली मौज अशी, की लोखंड्यांनी रविवार मागितला तो काही चर्चला जाण्यासाठी नव्हे. आपल्या बहुजन समाजात रविवार हा खंडोबाचा वार. जेजुरीच्या देवाचा वार मजुराला मोकळा मिळावा, त्याला घरचे पाहता यावे, समाजाचे काम करता यावे, असे त्यांचे म्हणणे होते. मालकाची घंटा आणि मजुराचा भंडारा असे दोन्ही एका वारावर येऊन भेटले, असे म्हणायला हरकत नाही. मला तर पुष्कळदा वाटते, की बायबलातली विसाव्याची मूळ आज्ञा लोखंडे यांना कित्येक चर्चला जाणाऱ्यांपेक्षा अधिक नीट कळली होती.

ती मूळ आज्ञा काय आहे, हे थोडे उलगडून सांगतो. यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रात सातवा दिवस शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा. त्यांचा सातवा दिवस शनिवार. ख्रिस्ती लोक रविवार पाळू लागले, कारण त्या दिवशी येशू पुन्हा उठला अशी त्यांची श्रद्धा. शब्बाथाची आज्ञा जुन्या करारात दोन ठिकाणी सविस्तर आली आहे आणि दोन्हीकडे कारणे वेगवेगळी दिली आहेत. ‘निर्गम’ या पुस्तकात कारण असे, की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून तुम्हीही घ्या. ‘अनुवाद’ या पुस्तकात मात्र वेगळेच कारण सांगितले आहे. तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. म्हणून तुमच्या दासाला आणि दासीलाही तुमच्यासारखा विसावा मिळू द्या. यादी तिथेच संपत नाही. बैल, गाढव, इतर जनावरे आणि वेशीच्या आत राहणारा परका माणूस, इतक्या सगळ्यांची नावे त्या आज्ञेत घेतली आहेत. ज्याला स्वतः थांबता येत नाही, थांबायचे की नाही हे ज्याच्या हातात नाही, अशांचीच ही यादी आहे, हे आपल्या सहज लक्षात येईल.

याचे एक उदाहरण आपल्या कोकणातच होते. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या गावांत बेने इस्राएल लोक कित्येक पिढ्या राहिले. बोलणे मराठी, पुष्कळांचा धंदा तेल गाळण्याचा. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा घाणा थांबे तो शनिवारी दिवस मावळेपर्यंत. म्हणून शेजारचे लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शेजाऱ्यांना त्यांचे धर्मग्रंथ ठाऊक नव्हते, तत्त्वज्ञान ठाऊक नव्हते. पण यांचा घाणा एक दिवस बंद असतो, हे दिसत होते. आणि घाणा बंद म्हणजे घाण्याचा बैलही उभा. त्या मुक्या जनावराला आठवड्यातून एक दिवस गोल फिरावे लागत नव्हते. धर्म पाळण्याची याहून सोपी खूण कोणती सांगावी!

मग तुम्ही विचाराल, की पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही असाच सुट्टीचा रविवार होता काय? मुळीच नव्हता. पहिली सुमारे तीनशे वर्षे रोमी साम्राज्यात रविवार हा कामाचाच दिवस होता. इसवी सन ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी सुभेदाराने, आजच्या तुर्कस्तानाच्या उत्तर भागातून, सम्राट ट्रेजनला एक पत्र लिहिले. ते आजही उपलब्ध आहे. ख्रिस्ती म्हणवणारे हे लोक करतात तरी काय, याची त्याने चौकशी केली होती. त्यासाठी दोन दासींचा त्याने छळ केला; त्या दोघी मंडळीत सेविका म्हणून ओळखल्या जात. एवढे करून हाती काय लागले? हे लोक एका ठरलेल्या दिवशी पहाट होण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात आणि शपथ घेतात. ही शपथ कटाची नव्हे. चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, विश्वासाने ठेवलेली ठेव नाकारणार नाही, अशी ही शपथ! पुन्हा जमतात ते साधे जेवण घेण्यासाठी.

पहाट होण्यापूर्वीच का, याचा जरा विचार करा. उजाडल्यावर यांना कामावर जायचे असे. त्यांच्यात दास होते, दासी होत्या. त्यांना रविवारी सुट्टी नव्हती. होती ती फक्त उपासना. आणि त्या उपासनेतली शपथ पाहिली तर ती सगळी बाजारातली, घरातली आणि देण्याघेण्यातली आहे.

पुढे इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या विद्वानाने रविवारच्या सभेचे वर्णन लिहिले. वाचन होई, उपदेश होई, प्रार्थना होई, मग भाकर आणि द्राक्षारस वाटला जाई. जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक तो घरी नेऊन देत. ज्यांना शक्य आहे ते आपल्या खुशीने पैसे देत आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची सोय होई. आज आमच्या देवळात दानाची पिशवी फिरते तिचे मूळ हे आहे. सरकारी हुकमाने रविवार सुट्टीचा झाला तो त्यानंतर बऱ्याच काळाने, इसवी सन ३२१ मध्ये, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आज्ञेने. त्या आज्ञेतही शेतकऱ्याला सूट होतीच, कारण पेरणीची वेळ कोणासाठी थांबत नाही.

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते, ती तुमच्यापुढे ठेवतो. रविवारची उपासना खरी झाली की नाही, हे रविवारी कळत नाही. सोमवार ते शनिवार आपल्या हाताखाली, आपल्या आसपास, आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाला विचारले तर कळते. हे म्हणणे माझे नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात, करिंथ शहरातल्या मंडळीला पौलाने पत्र लिहून याच कारणासाठी खडसावले आहे. प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आधीच पोटभर खाऊनपिऊन घेत आणि काही जण तसेच उपाशी राहत. पौलाने स्पष्ट सांगितले, की तुम्ही जे करता ते प्रभूचे भोजन नव्हेच. आणि उपाय काय सांगितला? एकमेकांसाठी थांबा, इतकाच.

आमच्या मराठी मंडळ्यांत उपासनेचा क्रम साधारण कसा असतो, हे ख्रिस्तेतर वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. आधी गीत. त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे हमखास असतात. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने आमच्या उपासनेला अभंगाची चाल आणि घरची मराठी दिली. त्यापूर्वी परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरे गाण्याची वहिवाट मोठी होती. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक सांगत. गीतानंतर पापांगीकार, म्हणजे केलेल्या चुका आणि करायच्या राहून गेलेल्या गोष्टी यांची कबुली. मग शास्त्रवाचन, उपदेश, दान आणि शेवटी आशीर्वाद. या क्रमात कुठेतरी येशूने स्वतः शिकवलेली प्रार्थना सर्व जण मिळून म्हणतात. लहान पोरापासून काठी टेकीत आलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सर्वांना ती पाठ असते.

या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली आहे. ‘रोजची’ या शब्दासाठी मूळ ग्रीक शुभवर्तमानात जो शब्द आहे तो इतका दुर्मिळ आहे, की त्याच्या अर्थावर पंडित शतकानुशतके वाद घालीत आले आहेत. कोणी म्हणतात आजच्या दिवसापुरती, कोणी म्हणतात उद्याची, कोणी म्हणतात जगण्याला लागेल तेवढी. चौथ्या शतकात लॅटिन बायबलाचे काम करणाऱ्या जेरोमने तर एकाच शब्दाला मत्तयाच्या शुभवर्तमानात एक आणि लूकच्या शुभवर्तमानात दुसरा प्रतिशब्द वापरला. पण एका शब्दाबद्दल कोणाचाही वाद नाही, तो म्हणजे ‘आमची’. ‘माझी भाकर’ असे तिथे कुठेच नाही. आणि आमच्या मराठी भाषांतरकारांनी तिथे ‘अन्न’ न म्हणता ‘भाकर’ म्हटले, हे फार चांगले केले असे मला वाटते. अन्न म्हटले की मंत्र आठवतो. भाकर म्हटले की ती थापणारे हात आठवतात.

आता आपल्या आजच्या दिवसांकडे येऊ. हल्लीचा आठवडा पूर्वीसारखा घट्ट बांधलेला राहिलेला नाही. संगणकाच्या कंपनीतला तरुण अमेरिकेच्या घड्याळावर काम करतो. त्याचा रविवार कधी शनिवारी रात्रीच संपतो, तर कधी उगवतच नाही. मॉल रविवारीच अधिक भरतात, म्हणजे तिथल्या विक्रेत्या मुलीला रविवारीच अधिक काम. आपण घरी बसून मोबाइलवर बोट ठेवतो आणि अर्ध्या तासात जेवण दाराशी येते. आपला विसावा असा चोख झाला, पण तो घेऊन येणारा मुलगा भर उन्हात फाटकाशी उभा असतो. आपल्या विसाव्याची किंमत दुसऱ्याच्या विसाव्यातून वळती होते आहे, हे आपल्याला दिसतसुद्धा नाही.

उपासनेचेही तसेच. २०२० साली टाळेबंदी आली आणि १२ एप्रिलच्या ईस्टरला देवळांची दारे बंद राहिली. आम्ही घरातल्या घरात, मोबाइलच्या पडद्यावर पाळकांना पाहून पुनरुत्थानाची गीते गायिली. त्या दिवशी माझ्या आईचे डोळे भरून आले होते. आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना त्या पडद्याचा आजही मोठा आधार आहे. जस्टिनच्या काळी सेवक भाकर घरी नेऊन देत, तसेच हे आहे. पण धडधाकट माणसांनाही ती सवय लागली. एकीकडे भाजी निवडायची, एकीकडे उपदेश ऐकायचा, आवडला नाही तर पुढे सरकवायचा. देवळात शेजारी बसलेला माणूस पुढे सरकवता येत नाही. त्याचा खोकला, त्याचे बेसूर गाणे, त्याची अडचण, सगळे सोसावे लागते. माझ्या मते उपासनेतला निम्मा धर्म तिथेच आहे.

इथपर्यंत मी तुम्हाला पुष्कळ शहाणपण सांगितले. आता माझीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे हे शहाणपण किती पाण्यात आहे ते तुम्हाला कळेल.

दोन-तीन वर्षांपूर्वी एका रविवारी आमचे पाळक बाहेरगावी गेले होते, म्हणून उपदेशाचे काम माझ्याकडे आले. विषय मीच निवडला, विसावा. वर जे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक त्या दिवशी सांगितले. लोखंडे सांगितले, शनवार तेली सांगितले, करिंथची मंडळी सांगितली. बाहेर पडताना चारचौघांनी हात हातात घेऊन फार छान झाले म्हटले. मी खुशीतच घरी आलो. जेवायला चार पाहुणे यायचे होते. स्वयंपाकघराच्या मोरीशी आमच्या कामाच्या मावशी भांड्यांच्या ढिगापुढे बसल्या होत्या आणि मागल्या पायरीवर त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी वहीत गणिते करीत होती. आई मेथी निवडीत होती. ती म्हणाली, “उपदेश चांगला झाला रे. त्या तेल्याच्या बैलाची गोष्ट मला फार आवडली.”

मी म्हटलं, “हो ना?”

“बैलाला सुट्टी असायची म्हणे. आपल्या मावशींना कधी असते?”

मी जरा गडबडलो. म्हणालो, “त्यांनी कधी मागितलीच नाही, आई.”

आईने मान वर केली नाही. मेथीची काडी मोडीत ती एवढेच म्हणाली, “बैलाने तरी कुठं मागितली होती?”

पुढच्या आठवड्यापासून आम्ही मावशींना रविवारी यायला नको म्हणून सांगितले. पगार तेवढाच ठेवला आणि रविवारची भांडी मी घासू लागलो. मला वाटले, प्रश्न मिटला. पण दोनच आठवड्यांनी सकाळी देवळाकडे निघालो असता पलीकडच्या इमारतीच्या फाटकाशी मावशी भेटल्या, मुलीचे बोट धरून आत चालल्या होत्या. मी विचारले, “अहो, आज सुट्टी ना?”

त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “सर, सुट्टी चांगली हाये. पण इथं रविवारचे येगळे पैशे देत्यात. पोरीच्या रिक्षाचं भाडं वाढलंय.”

त्या दिवशी देवळात प्रार्थना म्हणताना ‘आमची’ या शब्दाशी मी अडलो, हे कबूल करतो. घरी येऊन हिशेब केला. मावशींचा पगार तीन वर्षांत वाढलेला नव्हता. माझा महागाई भत्ता मात्र त्याच काळात पुन्हा पुन्हा वाढला होता आणि प्रत्येक वेळी मी वर्तमानपत्रात ती बातमी आवर्जून वाचली होती. कारखान्याच्या कायद्यामागे लोखंडे उभे राहिले होते. आमच्या मोरीशी बसलेल्या बाईंच्या मागे कोणी उभे नव्हते. विसावा द्यायचा आणि भाकर तेवढीच ठेवायची, हा विसावा नव्हे. ती नुसती माझ्या मनाची सोय होती. मग आम्ही पगार वाढवला, आणि तो दर वर्षी वाढेल असे ठरवले.

गोष्ट इथे गोड होऊन संपत नाही. मावशी अजूनही महिन्यातले दोन रविवार त्या दुसऱ्या घरी कामाला जातात. उरलेल्या दोन रविवारी घरी असतात. मुलीचे केस विंचरतात आणि एकदा तिला जेजुरीला घेऊन गेल्या होत्या असे सांगत होत्या. चारातले दोन रविवार! हे काही पुण्यकर्म म्हणून मी सांगत नाही. उशिरा फेडलेले देणे होते, तेही अर्धेच.

कोणी म्हणेल, की मग कडक नियमच का करू नये? रविवारी कोणी कामच करायचे नाही! याचे उत्तर येशूच्या चरित्रातच आहे. शब्बाथाच्या दिवशी त्याच्या भुकेल्या शिष्यांनी शेतातली कणसे मोडून खाल्ली, वाळलेल्या हाताचा माणूस त्याने त्याच दिवशी बरा केला, आणि लोकांनी आक्षेप घेतला तेव्हा त्याने सांगितले, की हा दिवस माणसासाठी आहे, माणूस या दिवसासाठी नाही. आमच्या समाजातल्या कितीतरी बायका परिचारिका आहेत. ईस्टरच्या पहाटे त्या रुग्णाच्या उशाशी असतात. एसटीचा चालक, पाणीपुरवठ्यावरचा कामगार, विजेच्या खांबावर चढलेला माणूस, यांचा रविवार असाच जातो. त्यांना कोणी तुमची उपासना चुकली असे म्हणू नये. सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, हे सांगणाऱ्या मुलखात आपण राहतो; ही गोष्ट आपल्याला समजायला अवघड नाही. फक्त असे करावे, की ज्याचा रविवार आपल्यासाठी खर्ची पडला, त्याला दुसरा कोणता वार मिळतो आहे की नाही, हे विचारावे.

वाचकहो, तुम्ही कोणत्या देवाला भजता, किंवा भजता की नाही, हे मला ठाऊक नाही. तुमचा वार सोमवार असेल, गुरुवार असेल, शुक्रवारची नमाज असेल. पण आठवड्यातून एकदा हात जोडून उभे राहण्याची रीत जवळजवळ प्रत्येक घरात कोणत्या ना कोणत्या रूपात आहे. येत्या तुमच्या वारी, हात जोडण्यापूर्वी, घरात एकदा नजर फिरवा. मोरीशी, जिन्यावर, फाटकाबाहेर कोण उभे आहे ते पाहा आणि त्याला किंवा तिला विचारा, की तुमची सुट्टी कधी असते? आणि सुट्टीच्या दिवशी चूल कशी पेटते, हेही लगेच विचारा. पहिला प्रश्न मला माझ्या आईने विचारायला शिकवला. दुसरा शिकवायला मावशींना रविवारी सकाळी फाटकाशी ओशाळे व्हावे लागले, याची खंत मात्र राहून गेली आहे.